हिमबेटाबद्दल माझं मत

९ सप्टेंबर, दुपारी

आजपासून रोजनिशी. मला गेमबद्दल मतं आहेत आणि ती ऐकायला दुकानात कोणी नाही. गिऱ्हाइकं कपडे टाकतात, पावती घेतात आणि पळतात.

आधी वस्तुस्थिती. मी बोंग मानसप. कोरियातल्या देगू शहरात लाँड्री चालवतो. गेमचं नाव 'नऊ नद्या'. मी गेम खेळणारा माणूस नाही. माझी बायको, आमच्या मुलीची म्हणजे सेजिनची आई, खेळायची, गल्ल्यावरच्या कॉम्प्युटरवर, दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा. ती मार्चमध्ये गेली. मे महिन्यात हे खूळ कॉम्प्युटरवरून काढून टाकावं म्हणून उघडलं, तर समोर बायकांचा घोळका. सगळ्या एकदम लिहायला लागल्या, खरपुडीताई आली, अगं बये होतीस कुठे! खरपुडी हे सेजिनच्या आईचं गेममधलं नाव. भाताच्या पातेल्याच्या बुडाला लागते ती. गेममध्ये ती वैद्यीण आहे, लढाईत पडलेल्यांना उठवते.

मी लिहिलं, तब्येत बरी नव्हती. हे खोटं नाही.

तेव्हापासून रोज बसतो. खेळायला नव्हे, त्यांना सांगायला. नीट वेळ सापडली की सांगणार. उद्या सांगतो.

१० सप्टेंबर

सांगितलं नाही. मोठी लढाई होती, वैद्यिणीवाचून अडलं असतं. एवढ्या जणींना जिवंत ठेवायचं असताना एक मेल्याचं कुठे सांगत बसू.

१४ सप्टेंबर

मत. 'नऊ नद्या' हा मुळातच पुरा गेम आहे. पहिल्या नदीकाठी गाव, गावात पाणचक्की, चक्कीपाशी या बायकांचा अड्डा. गटाचं नाव 'चूल पेटेपर्यंत', कारण संध्याकाळी सगळ्यांना स्वयंपाकाला पळायचं असतं. आता कंपनी म्हणे एक्स्पान्शन काढणार. म्हणजे पुरवणी. ज्याला मूळ पेपर नीट लिहिता आला, त्याला पुरवणी लागत नाही. चांगल्या शिवलेल्या कोटाला कोणी तिसरी बाही लावतं का?

सेजिनच्या आईची लिहायची पद्धत मी हुबेहूब उचलली आहे. कुणाला शंका नाही. कोबीराणी (आंदोंगच्या बाजारात लोणची-भाज्या विकते, गटातली सगळ्यात मोठ्या आवाजाची) एवढंच म्हणाली, की ताई, तू हल्ली हसत नाहीस. आणि 'तिसरी सून' नावाची एक आहे, पोहांगची. ती म्हणाली, आधी मेलेल्याला उठवताना तू 'ऊठ गं माझे राणी' म्हणायचीस, आता 'उठा. रांगेत या.' म्हणतेस, सैन्यात भरती झालीस का?

शिस्त आली आहे, हे त्यांच्या लक्षात आलं तर.

२४ सप्टेंबर, छुसक सणाचा आदला दिवस

सेजिन आली, इंचनहून. आल्या आल्या आईचा फोन चार्जिंगला लावलेला पाहिला. म्हणाली, बाबा, हा अजून चालूय? मी तांत्रिक बाब समजावून सांगितली. गेमचं खातं आईच्या नावावर आहे. ओळख पटवायचा कोड तिच्याच नंबरवर येतो. फोन बंद तर खातं बंद. यात भावनेचा प्रश्न नाही.

मग म्हणाली, आणि त्या बायकांना सांगितलंत? मी म्हणालो, सणाच्या तोंडावर कुणी असली बातमी देतं का? म्हणाली, बाबा, सण उद्या संपतो. पोरगी आईवर गेली आहे.

उद्या पितरांपुढे पान मांडायचं. त्यात सेजिनच्या आईचं पहिल्यांदाच. तांदळाच्या करंज्या यंदा दुकानातून आणल्या. सगळ्या एकसारख्या. ती घरी करायची तेव्हा एखादी हमखास वेडीवाकडी व्हायची आणि ती माझ्यापुढे धरून म्हणायची, बघा, तुमचा कान. मला ते आवडत नसे. आज पेटी उघडून एकेक बघितली. एकही तशी नाही.

८ ऑक्टोबर

आज कोबीराणीने विचारलं, तुझा दगड काय म्हणतो गं?

मला कळायला वेळ लागला. दगड म्हणजे मी.

मी लिहिलं, दगड बरा आहे. कामसू माणूस आहे. तर तिसरी सून लोळून हसली (तसा हावभाव आहे गेममध्ये, अत्यंत बाष्कळ). म्हणाली, सूर्य पश्चिमेला उगवला, ताई नवऱ्याला चांगलं म्हणाली! त्यावर कोबीराणीने तिला झापलं. म्हणाली, गप गं, थंडीत दगड रोज सकाळी ताईच्या खुर्चीची गादी वाफेच्या इस्त्रीने गरम करून ठेवतो, हे तिनेच नाही का सांगितलं? माझा मेला तर माझीच गादी पळवतो.

ती गादी दमट असायची म्हणून मी इस्त्री फिरवायचो. दमट गादीला वास येतो. बाकी काही नाही. पण सांगितलं होतं तिने, तर.

त्या नादात दोन कोटांवर चकचकीत डाग पडले, इस्त्री जास्त वेळ राहिली. गिऱ्हाइकाची माफी मागितली. उद्या नक्की सांगतो.

२१ ऑक्टोबर

पुरवणीची तारीख आली. १८ नोव्हेंबर. नाव 'हिमबेट'. जहाजात बसून नव्या बेटावर जायचं, तिथे नवं गाव, नवी हत्यारं, नवे राक्षस. माझं मत: निव्वळ हाव. जुनं गाव ओस पाडायचं आणि नवं विकायचं. आमच्या रस्त्यावर तेच झालं, चौकात मोठी चकचकीत लाँड्री आली आणि जुन्या गल्लीत कुत्रं फिरकेना. मी हे सगळं गटात सविस्तर लिहिलं. चार परिच्छेद.

 मग तिसऱ्या सुनेने विचारलं, ताई, तूच नाही का हिमबेट कधी येतंय म्हणून नाचत होतीस? हिमबेट आलं की दगडालाही गेममध्ये ओढणार होतीस. नव्या बेटावर सगळेच नवखे, तिथे त्याला लाज वाटणार नाही म्हणालीस. विचारलंस का त्याला?

मला असं काही विचारलेलं आठवत नाही. विचारलं असतं तर मी विचार केला असता. बहुतेक इस्त्रीच्या वाफेच्या आवाजात ऐकू आलं नसेल. ते मशीन जुनं आहे, सू सू करतं.

लिहिलं, दगडाला वेळ नसतो.

११ नोव्हेंबर

आज सांगणारच होतो. दुकान उघडायच्या आधी कागदावर वाक्यसुद्धा जुळवलं होतं. पण तिसऱ्या सुनेच्या मुलाची कॉलेजची परीक्षा १९ तारखेला. त्या परीक्षेआधी आमच्याकडे शेवाळाचं सूप करत नाहीत, पोरगं घसरेल म्हणून. घरात 'पडला' हा शब्द काढत नाहीत. तिथे मी 'मेली' म्हणू? आईचा चेहरा उतरला तर पोराला कळतंच. एका मुलाच्या आयुष्याचा प्रश्न आहे.

परीक्षेनंतर सांगतो. हे पक्कं.

२० नोव्हेंबर

परीक्षा झाली. पोराचा पेपर बरा गेला. तिसरी सून इतकी खूश होती की जो भेटेल त्याला पाव वाटत होती. अशा वेळी कसं बोलणार?

हिमबेट आलं परवा. सगळं जग जहाजात बसून गेलं. गावात चिटपाखरू नाही. चक्की फिरते आहे आणि भोवती कोणी नाही. फक्त 'चूल पेटेपर्यंत'च्या बायका तेवढ्या राहिल्यात, कारण किमची घालायचे दिवस. कोबी मिठात टाकला की तो कुणासाठी थांबत नाही. त्यांचं ठरलं: सगळ्यांच्या किमच्या बरण्यांत गेल्या की ५ डिसेंबरला दुपारी तीन वाजता धक्क्यावर जमायचं आणि एकदम निघायचं. ताईवाचून कोणी जहाजात पाय ठेवणार नाही, असंही कोबीराणीने जाहीर केलं. म्हणाली, पहिल्यांदा मला राक्षसाने खाल्लं तेव्हा ताईनेच उठवलं, तिला सोडून गेले तर नरकात जाईन.

ठरलं. धक्क्यावर सांगायचं. सगळ्या एका जागी असतील. एकदाच सांगून होईल.

आमच्याकडे यंदा किमची नाही. एका माणसाला किती लागते.

२४ नोव्हेंबर

फोन कंपनीचं पत्र. ग्राहक हयात नसल्याचं आमच्या नोंदीत दिसतं, दुकानात येऊन लाइन बंद करावी. भाषा सभ्य आहे.

सेजिनला फोन केला. म्हणाली, बाबा, बंद करा ना आता. मी म्हणालो, आधी गेमचं खातं माझ्या नावावर करून घेतो, मग फोन खुशाल बंद करू. ती घाबरली. म्हणाली, बाबा, हात जोडते, गेमवाल्यांना काही कळवू नका. जेवढे दिवस चालतंय तेवढे दिवस गपचूप चालू द्या. मी म्हणालो, आपण लपवाछपवी करणारी माणसं नाही. नवरा-बायकोचं दुकान, नवरा-बायकोचं खातं. खरं सांगितलं की माणूस ऐकतो. ती म्हणाली, मग त्या बायकांनाही सांगा की खरं.

तो विषय वेगळा.

२५ नोव्हेंबर

कस्टमर केअरला फोन केला. मुलगी बोलायला फार अदबशीर. मी सगळं सरळ सांगितलं. पत्नी मार्चमध्ये गेली, तेव्हापासून मी बसतोय, नाव बदलून द्या, ५ तारखेला जहाज आहे.  ती म्हणाली, काका, हे तुम्ही मला सांगितलंत असं मी नोंदवलं तर… आणि थांबली. मी म्हणालो, नोंदवा की, घाबरता कशाला? वर कुटुंबाच्या नोंदीचा सरकारी दाखला आपणहून पाठवला. मृत्यूची तारीख त्यात आहेच. ठळक दिसावी म्हणून खाली रेघ मारली.

काम फत्ते. सरळ माणसाला अडचण येत नसते.

२७ नोव्हेंबर

त्यांचं उत्तर आलं. आपल्या दुःखात सहभागी आहोत. नियमानुसार खातं फक्त खातेदाराचं, वारसाला देता येत नाही. मृत्यूची नोंद मिळाल्यामुळे आजपासून खातं कायमचं बंद करत आहोत. पात्र, सामान, मैत्रीच्या याद्या, सगळं.

दुपारी नेहमीप्रमाणे बसलो. पासवर्ड घेत नाही. कोड येईल म्हणून तिचा फोन हातात धरून बसलो. आला नाही.

त्यांची चूक नाही. रेघ मी मारली.

२८ नोव्हेंबर

नवी योजना, आणि ही निर्दोष आहे. माझ्या स्वतःच्या नावाने नवं पात्र काढायचं. नवखा असलो म्हणून काय झालं. ५ तारखेला धक्क्यावर जायचं, त्या असतीलच, तिथे सांगायचं. उलट हे बरंच झालं. आपलं तोंड घेऊन आपण सांगायचं.

'मानसप' नाव आधीच कुणीतरी घेतलंय. 'बोंग मानसप' पण. देशात असे किती जण आहेत? शेवटी गेमनेच नाव दिलं, 'नवखा ४४१७'. पात्र म्हाताऱ्या माणसाचं, हातात काठी, अंगावर गोणपाट.

फोनला आता तांत्रिक कारण उरलं नाही. उद्या बंद करतो.

१ डिसेंबर

फोन चार्जिंगला आहे. बॅटरी रिकामी ठेवली की खराब होते.

एक अडचण कळली. दहाव्या लेव्हलच्या खाली गेममध्ये बोलताच येत नाही. जाहिरातबाज लोक नवी नवी नावं काढून ओरडत सुटतात, म्हणून तसा नियम. मत: नियम योग्य आहे. माझ्या बाबतीत गैरलागू आहे. पाच तारखेपर्यंत दहावी लेव्हल गाठायची. सेजिनची आई भाजी निवडता निवडता गाठायची.

४ डिसेंबर

लेव्हल चार. थंडी सुरू झाली आणि साऱ्या देगूचे ओव्हरकोट माझ्याच दुकानात आले. शिवाय रानडुकरं. गावाबाहेर पाऊल टाकलं की मारतात. मेलं की तिथेच पडून राहायचं, कोणी उठवेपर्यंत, नाहीतर बऱ्याच वेळाने गेमच गावात नेऊन टाकेपर्यंत. सगळं जग हिमबेटावर गेलेलं, कोण उठवणार? बराच वेळ आभाळ बघत पडलो होतो. वैद्यिणीचं काम मी इतके महिने केलं, पण पडलेल्याचं काय होतं ते आज कळलं.

तिला शेवटी दवाखान्यात असंच वर बघत पडून राहायला लागलं. मी दुकान लवकर बंद करून जायचो. म्हणजे जेवढं जमेल तेवढं लवकर.

५ डिसेंबर

दुकान अर्ध्या दिवसाने बंद केलं. पाटी लावली, 'घरगुती कारण'.

डुकरांनी दोनदा मारलं. पोचलो तेव्हा त्या जहाजाच्या फळीपाशी जमल्या होत्या, नवे झालरीचे कपडे घालून. खरपुडीताईची वाट बघत होत्या. तिसरी सून म्हणत होती, आठवडा झाला, ताई दिसली नाही, किमची घालताना पाठ धरली असेल तिची. कोबीराणी म्हणाली, त्या दगडाने काम लावलं असेल, जरा थांबू. जहाज एकदा सोडलं. दुसरंही सोडलं.

मी त्यांच्यासमोर उभा. तोंडाला कुलूप. नवख्याला फक्त चार हावभाव मिळतात: हात हलवणं, टाळी, नमस्कार, बसणं. घाईत भलतंच बटण दाबलं गेलं आणि मी टाळ्या वाजवल्या. कोबीराणी म्हणाली, घ्या, काका आलेत वाजवायला. कुणीतरी मला पाव दिला. कुणीतरी जोडे दिले. म्हणाल्या, काका, इकडे राक्षस येतात, गावाकडे जा. मी नमस्कार केला. जमिनीला डोकं टेकवून करतात तो, मोठा. तिसरी सून म्हणाली, बघा, किती संस्कारी आहेत.

तिसरं जहाज लागलं. कोबीराणीने एकदा गावाच्या वाटेकडे तोंड केलं. मग म्हणाली, चला बायांनो, ताई मागून येईल. त्या वळल्या. दोघी फळीवर चढल्यासुद्धा.

मला काही सुचेना. मी परत तेच बटण दाबलं. परत डोकं टेकवलं.

तिसऱ्या सुनेने लिहिलं, अहो काका, दोनदा काय वाकताय? आम्ही काय मेलोय?

जिवंत माणसापुढे एकदा वाकतात, मेलेल्यापुढे दोनदा. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. बटण दाबताना माझ्या डोक्यात ते नव्हतं. तिचं वाक्य वाचलं आणि बोटं उचलून मांडीवर ठेवली.

 फळीवरच्या दोघी खाली उतरल्या. कोबीराणी माझ्या अगदी समोर येऊन उभी राहिली. लिहिलं, काका, तुम्ही आमच्या ताईच्या घरचे का? असाल तर बसा. आणि लगेच लिहिलं, नसाल तर नका बसू. कृपा करून नका बसू.

मी बसलो.

तिसरी सून म्हणाली, कधी? मग म्हणाली, तुम्हाला बोलता येत नाही ना, असू दे, असू दे. एकीने विचारलं, मग एवढे महिने आम्हाला कोण उठवत होतं? त्यावर कोबीराणीने तिला गप्प केलं. ती म्हणाली, कळत नाही का, ते 'रांगेत या' कोण म्हणत होतं?

मग त्या सगळ्या समुद्राकडे तोंड करून एका ओळीत उभ्या राहिल्या. झालरीच्या कपड्यांत. आणि वाकल्या. एकदा. परत एकदा. मग माझ्याकडे वळून एकदा. मयताच्या घरी आल्यावर मागे राहिलेल्या माणसाला करतात तो. मार्चमध्ये दवाखान्याच्या अंत्यविधीच्या हॉलमध्ये किती जण येऊन मला असे वाकून गेले. सगळी कोट टाकणारी गिऱ्हाइकं. तिच्या माणसांपैकी कोणी नव्हतं, कारण मी कोणाला कळवलंच नव्हतं. मला वाटलं होतं, तिला माणसं नाहीत.

त्या नमस्काराला उलट नमस्कार करायचा असतो. मी केला.

कोबीराणी म्हणाली, दगडभाऊ, दहाव्या लेव्हलपर्यंत या, आम्ही पलीकडे धक्क्यावर शेकोटी करून थांबतो. घाई नाही. जहाज गेलं. चौथ्या लेव्हलच्या माणसाला त्यात घेत नाहीत. मी त्या जुन्या धक्क्यावर पाव हातात धरून बसून राहिलो.

हिमबेटाबद्दल माझं मत: मी ते पाहिलेलं नाही.

रडायचा हावभावही नवख्याला देत नाहीत. तो हिमबेटाच्या पाकिटात वेगळा येतो. मला पाकीट लागलं नाही.